तुरुंगातल्या लेकीला विसरू नका



घरचा पुरुष तुरुंगात गेला, तर बायको भेटीला हेलपाटे घालते. पण बाई तुरुंगात गेली तर? सासर म्हणते, आमची अब्रू गेली. माहेर म्हणते, दिल्या घरी पाहा. मग तिच्याकडे जाणार कोण?

मुंबईत भायखळ्याला बायांचा तुरुंग आहे. तिथल्या पुष्कळ जणींचा खटला अजून चालूच असतो. गुन्हा शाबीत झालेला नसतो. तरी घरची माणसे तोंड फिरवतात.

१९८२ साली शीला बारसे या पत्रकार बाईंनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात १५ बायांची विचारपूस केली. त्यातल्या ५ जणी म्हणाल्या, "पोलीस कोठडीत आम्हाला मारलं." बारसेबाईंनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिले. १९८३ साली कोर्टाने हुकूम दिला. माणूस पकडला, की पोलिसांनी त्याच्या नातलगाला लगेच कळवावे. गरिबाला फुकट वकील मिळावा. बायांच्या कोठडीवर बायांचाच पहारा असावा. एका पत्राने एवढे झाले!

पण कायदा निरोप देईल. भेटीला आपणच जायचे. मूल सहा वर्षांचे होईपर्यंतच आईजवळ तुरुंगात राहू शकते. पुढे त्याला कोण सांभाळणार? आजीने, मावशीने नको का पुढे यायला?

वकिलाला पैसे नाहीत? जिल्ह्याच्या कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला वकील फुकट मिळतो.

आता तुम्हाला लिहिता येते. चार ओळी लिहा. "पोरं बरी आहेत. आम्ही तुझी वाट पाहतो." तिला तेवढाही आधार मोठा आहे.