घाटघरचा गोठा आणि औंधची प्रयोगशाळा

(सहायकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मेळाव्यात मी वसतिगृह, बालवाडी आणि शिवणवर्ग यांचा अहवाल देते. तो छापील स्वरूपात तुमच्या हाती आहेच. आज मला वेगळ्या विषयावर बोलायचे आहे. विषय आहे जनावरांच्या रोगांची प्रयोगशाळा. मिशनच्या कामाशी तिचा काय संबंध, असे तुमच्या मनात येईल. मलाही एकेकाळी तसेच वाटत होते. घाटघरने मला तो संबंध शिकवला, आणि शिकवताना माझीच एक चूक माझ्यापुढे ठेवली.

घाटघर म्हणजे आपले जुन्नर तालुक्यातले; भंडारदऱ्याकडचे घाटघर वेगळे. जुन्नरहून चावंड मागे टाकून पश्चिमेला गेले की नाणेघाटाच्या माथ्यावर, जीवधन किल्ल्याच्या पायथ्याशी हे गाव लागते. वस्ती बहुतेक महादेव कोळी समाजाची. पावसाळ्यात भात, नाचणी, वरई. उन्हाळ्याच्या तोंडाला हिरडा गोळा करायचा. पाऊस असा की समोरचा किल्ला आठ-आठ दिवस दिसत नाही. अशा पावसात भाताच्या खाचरात चिखल करायला बैल लागतो. जुलैत बैल गेला तर आवणी राहते, आणि आवणी राहिली की वर्षाचा भात गेला. म्हणून तिथे गोठ्यातला मृत्यू हा घरातला मृत्यू असतो.

लम्पीच्या साथीच्या काही वर्षे आधीची गोष्ट. जुलै महिना होता. एका घरची म्हैस सकाळी दावणीला मेलेली सापडली. संध्याकाळी तिने वैरण खाल्ली होती. लोकांना वाटले, पान लागले असेल, म्हणजे साप चावला असेल. चार जणांनी ओढून तिला ओहोळापलीकडे टाकले. मुलेही दोर धरायला गेली होती. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गोठ्यातला बैल तसाच गेला. मग निरोप गेला. पशुधन पर्यवेक्षक पावसातून वर आले. त्यांनी कानाच्या शिरेतून रक्त घेऊन काचपट्ट्या केल्या, एका बाटलीत नमुना घेतला, पत्र लिहिले आणि म्हणाले, "हे औंधला लगेच पोहोचायला हवे. घटसर्प असू शकतो, फाशी असू शकते. तपासल्याशिवाय सांगता येणार नाही."

मी पुण्याला निघालेच होते. म्हटले, माझ्याकडे द्या.

तो शनिवार होता. जुन्नरला पोहोचेपर्यंत पुण्याची सोयीची एस.टी. गेली होती. मी ओळखीच्या घरी मुक्काम केला. बर्फ होता तेवढा पेटीत टाकला. रविवारी सकाळी निघता आले असते. पण उपासनेत वचन वाचण्याची पाळी माझी होती. मनाशी म्हटले, आज सुटी, कार्यालय बंदच असणार. फोन करून विचारलेसुद्धा नाही. सोमवारी दुपारी नाशिक फाट्याला उतरून औंधला गेले. पेटी उघडली तेव्हा बर्फाचे पाणी झाले होते. कागदात गुंडाळलेल्या काचपट्ट्या त्या पाण्यात भिजून एकमेकींना चिकटल्या होत्या. बाटलीला वास येत होता. तिथल्या डॉक्टरांनी मला एक शब्दही वावगा बोलला नाही. नमुना तपासण्यायोग्य नाही, एवढेच त्यांनी लिहून दिले.

मी ईश्वरविज्ञानाची पदविका घेतली आहे. शब्बाथ दिवशी विहिरीत पडलेल्या बैलाविषयी प्रभूने परूश्यांना जो प्रश्न विचारला, त्यावर मी दोन-तीन मंडळ्यांत संदेशही दिला आहे. आणि त्या रविवारी एका बैलाचे रक्त माझ्या पिशवीत नासत होते.

तोवर वाडीत आणखी दोन जनावरे गेली. डॉक्टरांनी लक्षणांवरून औषधोपचार केले, लस टोचली, हळूहळू ते थांबले. पण ज्यांची म्हैस गेली त्या आजींनी मला ओट्यावर बसवून विचारले, "ताई, काय निघालं त्या बाटलीत?" माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांना म्हशीची किंमत नको होती. त्यांच्या नातवांनी दोर धरला होता, म्हणून त्यांना जाणून घ्यायचे होते.

आजींची भीती खरी होती. घटसर्प माणसाला होत नाही म्हटले तरी चालेल. पण फाशी होऊ शकते. फाशीचे जंतू उघड्यावर आले की बीजरूपाने मातीत पुष्कळ वर्षे टिकतात. म्हणून तिचा संशय असेल तर मेलेले जनावर फाडायचे नसते, ओढत न्यायचे नसते. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचे असते. नाव कळले असते तर त्या मुलांना दवाखान्यात न्यायचे की नाही, ओहोळाचे पाणी वापरायचे की नाही, हे कळले असते. देवदयेने मुलांना काही झाले नाही. पण ते घर कित्येक आठवडे प्रत्येक खोकल्याला दचकत होते. ती भीती मी त्यांना दिली.

आता औंधविषयी. पुण्याला औंध परिसरात पशुसंवर्धन विभागाची मुख्य कार्यालये आहेत. तिथेच रोग अन्वेषण विभागाची प्रयोगशाळा आहे आणि जनावरांच्या लसी तयार करणारी सरकारी संस्थाही आहे. पुण्याचा या कामाशी संबंध फार जुना आहे. १८८९ मध्ये पुण्याच्या सायन्स कॉलेजात जनावरांच्या रोगांची सरकारी प्रयोगशाळा सुरू झाली. बुळकांडीसारख्या रोगांनी त्या काळी गावेच्या गावे रिकामी होत. पुढे १८९३ मध्ये ती वस्तीपासून दूर, कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला नेली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था तिच्यातूनच वाढली.

बुळकांडीची गोष्ट पुरी सांगते, कारण आजच्या विषयाचे मर्म तिच्यात आहे. भारतात बुळकांडीची शेवटची लागण १९९५ मध्ये दिसली. देश बुळकांडीमुक्त असल्याची आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली २००६ मध्ये, आणि सगळे जग त्या रोगातून सुटल्याची घोषणा झाली २०११ मध्ये. मग १९९५ ते २००६ या ११ वर्षांत काय चालले होते? रोग नव्हता, तरी काम चालू होते. माणसे गावोगाव फिरून विचारत होती, संशयित जनावरांचे नमुने घेत होती आणि प्रयोगशाळा ते तपासत होत्या. "काही सापडले नाही" हे उत्तर पुनःपुन्हा मिळाले, तेव्हा कुठे खात्री झाली. शांत वर्षांत चाललेल्या या कामाची बातमी कधी होत नाही.

प्रयोगशाळा सज्ज ठेवणे म्हणजे असेच शांत वर्षांतले काम. इमारत आणि यंत्र एकदा आणले म्हणजे झाले, असे नसते. तपासणीच्या रसायनांना मुदत असते. ती वापरली नाहीत तरी संपते. डीप फ्रीझरची वीज रात्री गेली तर जनरेटर लागतो. उत्तर आधीच माहीत असलेले नमुने मुद्दाम तपासून यंत्र आणि माणूस दोघांची परीक्षा घ्यावी लागते. तपासणाऱ्याचा हात रोजच्या सरावाने बसतो. ज्या प्रयोगशाळेत नमुनेच येत नाहीत, तिथे साथीच्या दिवशी तो अचानक बसत नाही.

२०२२ मध्ये आपण हे डोळ्यांनी पाहिले. ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात गाईबैलांच्या अंगावर गाठी दिसू लागल्या. लम्पीचे निदान झाले आणि सप्टेंबरमध्ये राज्यभर जनावरांचे बाजार बंद झाले. गाठी पाहून कोणीही लम्पी म्हणेल. पण बाजार बंद करायचे, जनावरांची वाहतूक थांबवायची, तर सरकारला अंदाज पुरत नाही, प्रयोगशाळेचा कागद लागतो. शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना टोचण्यात आली, कारण दोन्ही रोगांचे विषाणू एकाच कुळातले. ती लस आणि ते ज्ञान आधीपासून तयार होते, म्हणून मोहीम उभी राहिली. ज्यांची जनावरे गेली त्यांना सरकारने दुधाळ गाईला ३०,००० रुपये, बैलाला २५,००० रुपये आणि वासराला १६,००० रुपये मदत दिली. ती मिळवायलाही रोगाची नोंद आणि पंचनामा लागत होता. ज्याने जनावर गुपचूप ओहोळात टाकले, त्याच्या हाती काय राहणार?

यातून मी एक गोष्ट शिकले. औंधची सज्जता औंधमध्ये सुरू होत नाही. ती घाटघरच्या गोठ्यात सुरू होते. तिथून खाली येणारा नमुना वाटेत नासला, तर देशातले उत्तम यंत्रही मुके राहते.

म्हणून आम्ही आता काय करतो ते सांगते. वाडीतल्या दोन बहिणी पशुसखी म्हणून काम करतात. त्या स्वतः रक्त काढत नाहीत. ते काम डॉक्टरांचे किंवा पर्यवेक्षकांचे. जनावर अचानक मेले, नाकातोंडातून काळे रक्त आले, तर त्या कोणाला हात लावू देत नाहीत, कुत्री हाकलतात आणि दवाखान्याला किंवा १९६२ क्रमांकावर कळवतात. वाडीत फोन लागत नाही, तेव्हा एक जण पळत माळावर जातो. बाटलीवर नाव लिहून ती दुहेरी पिशवीत घट्ट बांधायची, बर्फ बाहेरून लावायचा. काचपट्ट्या वाळवून वेगळ्या डबीत, बर्फापासून दूर. सोबत पत्र: जनावराचे वय, किती मेली, किती आजारी, कोणती लस केव्हा टोचली. आणि निघण्याआधी प्रयोगशाळेला फोन.

दर मे महिन्यात, घटसर्पाची लस टोचण्याच्या सुमारास, आम्ही याची तालीम करतो. बाटलीत नुसते पाणी, पेटीत बर्फ आणि एक तापमापक. ती पेटी घाटघरहून पुण्याला न्यायची आणि पोहोचल्यावर तापमापक वाचायचा. पहिल्या वर्षी बर्फ नारायणगावलाच वितळला. लोक हसले, मीही हसले. पण ते हसणे मे महिन्यातले होते, जुलैतले नव्हते.

गेल्या पावसाळ्यात शेळ्या मरू लागल्या. नाक वाहत होते, हगवण लागली होती. पीपीआर आला अशी आवई उठली आणि एक व्यापारी टेम्पो घेऊन वाडीत हजर झाला, मिळेल त्या भावात शेळ्या उचलायला. या वेळी नमुना दुसऱ्याच दिवशी औंधला पोहोचला, थंडगार. उत्तर आले: पीपीआर नाही. लेंडीच्या तपासणीत जंत भरपूर. जंताचे औषध पाजले, शेळ्या सावरल्या. टेम्पो रिकामा परत गेला. "नाही" हा एक शब्द किती मोलाचा असतो, ते त्या दिवशी वाडीला कळले. त्याच आजींनी मला विचारले, "या बारीला बाटली बोलली का?" म्हटले, "बोलली, आजी."

आता तुमच्याकडे मागणे. प्रयोगशाळा सरकारची आहे. तिच्यासाठी आपण वर्गणी काढायची नाही. आपल्याला हव्यात चार चांगल्या बर्फाच्या पेट्या, जुन्नरमध्ये बर्फाच्या पिशव्या गोठवून ठेवायला एक छोटा फ्रीझर, आणि नमुना घेऊन येणाऱ्याचे प्रवासभाडे. हिशेब पुढच्या अंकात छापू.

आणि यापेक्षा महत्त्वाचे एक मागणे पुण्यात राहणाऱ्या तरुणांना आहे. मला तीन नावे हवी आहेत. ज्याच्याकडे दुचाकी आहे आणि जो फोन येताच नाशिक फाट्यावर एस.टी.तून पेटी उतरवून घेईल आणि औंधला पोहोचवील, असे तीन जण. रात्री फोन येईल, सणाच्या दिवशी येईल. रविवारी उपासना चालू असतानाही येईल. तेव्हा गीत अर्धे सोडून उठा आणि जा. कोणी विचारले, कुठे निघालास, तर सांगा, घाटघरचा बैल विहिरीत पडला आहे.

नावे सभा संपल्यावर दाराशी असलेल्या वहीत लिहा. मी तिथे उभी आहे.