मस्टर कोणाच्या कपाटात?

आज विधी शाखेची पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांनो,

काळा कोट अंगावर चढला की कोणत्याही न्यायालयाचं दार उघडतं, असा घरच्यांचा समज असतो. कामगार-मालक वादांपुरता तो खरा नाही. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 36 ने समेट अधिकाऱ्यासमोर वकिलाला साफ मज्जाव केला. कामगार न्यायालयातही समोरच्या पक्षाची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तरच प्रवेश होता. कंपनी नामांकित बॅरिस्टर उभा करील, मग गिरणीतल्या माणसानं काय करायचं, ही त्यामागची भीती. पण युनियनचा पदाधिकारी असलेला वकील उभा राहू शकतो, तसाच मालकसंघाचा पदाधिकारी असलेलाही, हे 1976 मध्ये पारादीप पोर्ट ट्रस्टच्या निकालानं स्पष्ट केलं. म्हणजे कामगारासाठी घातलेल्या कुंपणातून मालकही आत आलाच!

या क्षेत्रातल्या वकिलाचं खरं काम मात्र कागदांत असतं. मागच्या 12 महिन्यांत 240 दिवस काम केलेल्या कामगाराला नोटीस आणि भरपाई दिल्याशिवाय कमी करता येत नाही. पण ते दिवस सिद्ध कोणी करायचे? कामगारानं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2002 च्या हदीमनी प्रकरणात सांगितलं. नुसतं स्वतःचं प्रतिज्ञापत्र पुरत नाही. आणि मस्टर तर मालकाच्या कपाटात. म्हणून ते हजर करण्याचा अर्ज आधी. तोवर पक्षकार पिशवीतून गेटपास, पगारचिठ्ठ्या, बोनसची पावती टेबलावर ओततो आणि वकील बोटांवर दिवस मोजतो. त्यात पगारी सुट्ट्या आणि रविवारही धरायचे, हे 1985 च्या अमेरिकन एक्सप्रेस निकालामुळे. कित्येक दावे त्या रविवारांवर तरले आहेत.

लहान दाव्याचं मोल कळायला मुंबईतलं मॅकिनॉन मॅकेंझी विरुद्ध ऑड्री डिकोस्टा हे प्रकरण मुळातून वाचा. कंपनीत पुरुष लघुलेखक होते आणि वरिष्ठांच्या हाताखाली बसणाऱ्या ‘गोपनीय’ लघुलेखिका. पगार बायकांना कमी. 1977 मध्ये डिकोस्टांची नोकरी गेली आणि त्यांनी 1976 च्या समान वेतन कायद्याखाली फरक मागितला. कंपनीचा बचाव असा, की दोघांचं काम वेगळं, शिवाय युनियनशी करारही झालेला. आणि एवढा पैसा परवडणारही नाही. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं यातलं काहीही मानलं नाही. काम सारखं असेल तर करार कायद्याच्या आड येत नाही, आणि तिजोरी रिकामी असणं ही सबब नव्हे. सगळा झगडा होता 7,196 रुपये 67 पैशांच्या थकबाकीचा. एवढ्या रकमेचं वकीलपत्र कोणी घ्यावं? कोणीतरी घेतलं, म्हणून हा निकाल आजही समान वेतनाच्या दाव्यांत उद्धृत होतो.

महाराष्ट्रातल्या शिक्षिका दीपाली सुरवसे यांच्या 2013 च्या निकालानं आणखी एक धडा दिला. बेकायदा काढलेल्याला साधारणपणे पूर्ण थकीत पगार मिळावा. पण मधल्या काळात दुसरीकडे कमाई नव्हती, किंवा होती ती तुटपुंजी, हे कर्मचाऱ्यानं आधी लिहून द्यायचं. मग ते खोडण्याचा भार मालकावर. ते एक वाक्य अर्जात राहून गेलं की विरुद्ध बाजूचा वकील उलटतपासणीत नेमकं तिथेच बोट ठेवतो. तुमच्यातले काही तो विरुद्ध बाजूचा वकीलही असतील. त्यांच्या टेबलावर व्यवस्थापक एखाद दिवशी तयार बडतर्फीचं पत्र ठेवेल आणि तारीख विचारेल. तेव्हा आधी खातेनिहाय चौकशीचे कागद मागायचे.