चाकांवरचं बिऱ्हाड, उतारवयातलं



मिशिगनहून निघून ओहायो, केंटकी, टेनेसी, जॉर्जिया असा थेट फ्लोरिडात उतरणारा आय-७५ नावाचा हमरस्ता अमेरिकेत ओहायोतल्या आमच्या गावाजवळून जातो. दिवाळी होऊन गेली की त्या रस्त्यावर दक्षिणेकडे एक वरातच लागते. बसएवढ्या मोठ्या गाड्या, पाठीमागे सायकली अडकवलेल्या, एखादी तर आपल्यामागे छोटी मोटार ओढत नेणारी, आणि स्टिअरिंगवर बहुतेक पिकल्या केसांची माणसं. थंडीच्या आधी ऊन गाठायला निघालेल्या या मंडळींना तिकडे ‘स्नोबर्ड’ म्हणतात आणि त्या गाडीला मोटरहोम. आत पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणीघर, सगळं काही. आमच्याकडेही एक आहे, २४ फुटी. हे रिटायर झाले तेव्हा आम्ही ती जुनी, दुसऱ्याने वापरलेली घेतली. आम्ही स्नोबर्ड मात्र नाही. आमची थंडी पुण्यात जाते. गाडी तेवढी तिकडे ओहायोत, नळांतून गुलाबी अँटीफ्रीझ भरून, महिन्याच्या भाड्याच्या जागेत उभी असते.

तर आमच्या बरोबरीची मराठी मंडळी तिकडे आता एकेक करून निवृत्त होताहेत. गणपतीत, मंडळाच्या जेवणाच्या रांगेत कुणीतरी हमखास विचारतं, “काय हो, आम्हीपण घ्यावी म्हणतोय. कसं काय?” माझं उत्तर ठरलेलं आहे. घ्या, जरूर घ्या. पण विकायची कधी ते घेतानाच ठरवा. हे ऐकून लोकांचा चेहरा पडतो. साखरपुड्याला आलेल्या माणसाने वाटणीपत्राची गोष्ट काढावी तसं त्यांना वाटतं. म्हणून आज जरा सविस्तर सांगते.

आधी सुखाचं बोलू. पहिलं सुख म्हणजे स्वतःचा संडास. हसू नका. साठी उलटली की हमरस्त्यावर माणूस देखावा नंतर बघतो, पुढची रेस्ट एरिया किती मैलांवर आहे ते आधी बघतो. मोटरहोममध्ये ती चिंताच नाही. गाडी कडेला घ्यायची आणि चार पावलं मागे जायचं. दुसरं, स्वतःची गादी. हॉटेलातल्या मऊ गादीवर झोपून सकाळी कंबर धरून उठणं संपलं. इन्सुलिन फ्रिजमध्ये, गोळ्यांचा डबा ठरल्या खणात, गुडघ्याचा पट्टा खुंटीला. रोज बॅग भरा, रोज उघडा, असं काही नाही.

आणि स्वयंपाक. यात एक गंमत आहे. एवढ्याशा जागेत हिंग-मोहरीची फोडणी दिली की छताचा धुराचा भोंगा जीव खाऊन ओरडायला लागतो, आणि तो वास पांघरुणांना धरतो तो आठवडाभर जात नाही. म्हणून मी फोडणी बाहेर करते. तिकडच्या कॅम्पग्राउंडवर प्रत्येक जागेला एक लाकडी बाकाचं टेबल असतंच. त्यावर छोटी शेगडी, कढई, कढीपत्ता. पोहे होईपर्यंत दोन शेजारी कुत्र्याला फिरवायच्या निमित्ताने दोनदा येऊन जातात. तिसऱ्या फेरीला मीच बशी पुढे करते. ओहायोतल्या आमच्या गल्लीत इतक्या वर्षांत झाल्या नाहीत एवढ्या ओळखी या टेबलांवर झाल्या. तिकडे सगळेच आपापलं घर दाराशी घेऊन बसलेले असतात. कोण काय करत होता, किती मोठ्या बंगल्यात राहत होता, याला फारसं महत्त्व उरत नाही. मला या वयात ते फार आवडलं.

सरकारही म्हाताऱ्यांना या बाबतीत हात देतं. वय ६२ झालं आणि नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड असेल, तर राष्ट्रीय उद्यानांचा जन्मभराचा पास ८० डॉलरला मिळतो. सरकारी कॅम्पग्राउंडवर बऱ्याच ठिकाणी तो दाखवला की मुक्कामाचं भाडं निम्मं. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर मॅदर नावाचं कॅम्पग्राउंड आहे. तिथून सकाळी शाल गुंडाळून काठापर्यंत चालत जायचं, ऊन भिंतींवरून खाली उतरताना बघायचं आणि परत येऊन आपल्या कपातला आपला चहा प्यायचा. याच्यापुढे पंचतारांकित हॉटेल मला नको.

पण त्याच मॅदरमध्ये ३० फुटांपेक्षा लांब गाडी चालत नाही. माँटानातल्या ग्लेशियर उद्यानात ‘गोइंग-टु-द-सन’ नावाचा जो जगप्रसिद्ध घाट आहे, त्याच्या मधल्या अवघड टप्प्यात २१ फुटांवरच्या गाडीला बंदी आहे. म्हणजे आमची २४ फुटीसुद्धा पायथ्याशी ठेवून आम्ही शटल बसने गेलो. म्हणून शोरूममधल्या ४० फुटी महालाला भुलू नका. आत सोफा, शेकोटी, दोन टीव्ही असतात खरे. पण तो महाल जिथे जायचंय तिथे जातच नाही.

आता ओझ्याकडे येऊ. रेडिओवर सांगावं की नाही असा विषय आहे, तरी सांगते, कारण विकणारा सांगत नाही. गाडीच्या पोटात दोन टाक्या असतात. एक संडासाची, एक मोरी-बेसिनच्या सांडपाण्याची. त्या तुमच्या तुम्हालाच रिकाम्या कराव्या लागतात. हातमोजे चढवायचे, गुडघे टेकायचे, जाड नळी एका टोकाला गाडीला आणि दुसऱ्या टोकाला जमिनीतल्या भोकाला लावायची. आधी संडासाची टाकी सोडायची, मग सांडपाण्याची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. नवखे लोक काय करतात, मुक्कामाला नळी लावून संडासाच्या टाकीची झडप उघडीच ठेवतात. मग पाणी तेवढं वाहून जातं, बाकीचं आत साठून वाळतं आणि त्याचा डोंगर होतो. तो डोंगर फोडायला पुढे कुणाला बोलवावं लागतं आणि तो किती पैसे घेतो, हे ज्याचं त्याने अनुभवावं. मुद्दा असा की हे काम वाकून करायचं आहे. साठीत वाकता येतं. पंच्याहत्तरीत? आमच्याकडे जन्मभर ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर असलेले हे गृहस्थ आता कुरकुर न करता हे काम करतात, याचं मला कौतुक आहे. पण त्यांच्या गुडघ्यांचा आवाज मला आतून ऐकू येतो.

दुसरी गोष्ट उंचीची. आपल्या मोटारीची उंची कुणी लक्षात ठेवतं का? मोटरहोम ११-१२ फूट उंच असते. नॉर्थ कॅरोलायनात डरहॅम नावाच्या शहरात एक रेल्वेचा पूल आहे, त्याखालची मोकळी उंची होती ११ फूट ८ इंच. दिवे, पाट्या, इशारे सगळं असूनही कितीतरी ट्रकांची आणि मोटरहोमची छपरं त्याने डबा उघडावा तशी सोलून काढली. शेवटी २०१९ मध्ये रेल्वेने पूल आठ इंच वर उचलला. त्यानंतरही छपरं सोलली जातातच. आम्ही आमची उंची मोठ्या अक्षरांत लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवली आहे. पेट्रोल पंपाचं छप्पर, बँकेचा ड्राइव्ह-थ्रू, झाडाची फांदी, सगळ्यांकडे मान वर करून बघायची सवय लागते.

पैशाचं थोडक्यात सांगते. आमच्यासारखी गाडी गॅलनला ८ ते १० मैल देते, म्हणजे आपल्या हिशेबाने लिटरला साडेतीन ते सव्वाचार किलोमीटर. शिवाय विमा, उभी करायचं भाडं, छपराच्या सांध्यांचं सील दरवर्षी तपासणं. तिथून पाणी एकदा आत गेलं की आतलं लाकूड कुजतं आणि बाहेरून काही कळत नाही. आणि ही गाडी म्हणजे घर असली तरी हिची किंमत घरासारखी वाढत नाही, मोटारीसारखी घटते. हॉटेलचे पैसे वाचतात म्हणून कुणी घेत असेल तर त्याने कागद-पेन्सिल घेऊन बसावं, वाचत नाहीत.

तब्येतीचंही एक गणित आहे, ते फार थोडे लोक आधी मांडतात. तिकडे पासष्टीला मेडिकेअर नावाचा सरकारी आरोग्य विमा सुरू होतो. सरकारची मूळ मेडिकेअर घेतली तर देशभरात ती घेणारा कुठलाही डॉक्टर चालतो. पण खासगी कंपन्यांमार्फत जे ‘ॲडव्हांटेज’ प्रकार मिळतात, ते बहुतेक तुमच्या भागातल्या डॉक्टरांपुरते बांधलेले असतात. बाहेर तातडीचं सोडून बाकी खर्च अंगावर येऊ शकतो. चष्मा-दातांच्या सवलतीला भुलून तो प्रकार निवडायचा आणि मग वर्षातले सहा महिने ॲरिझोनात काढायचे, हे जमत नाही. आणि दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला बोलावणारा डॉक्टर असेल, तर मोटरहोमला किती लांब दोर आहे ते तोच ठरवतो.

हे सगळं मी हौसेने फिरणाऱ्यांचं बोलते आहे. दुसरेही लोक तिथे असतात. २००८च्या मंदीत घर गेलं, पेन्शन पुरत नाही, म्हणून गाडीतच राहणारी, हंगामी मजुरीच्या मागे गावोगाव फिरणारी साठी-सत्तरीची माणसं. जेसिका ब्रूडर यांनी ‘नोमॅडलँड’ या पुस्तकात त्यांच्याबद्दल लिहिलं, पुढे त्यावर सिनेमा आला आणि २०२१ साली त्याला ऑस्कर मिळालं. कॅम्पग्राउंडवर ‘कॅम्प होस्ट’ नावाची पाटी लावलेल्या गाडीत पुष्कळदा असे आजी-आजोबा असतात. फुकट जागेच्या बदल्यात ते आमचे संडास साफ करतात. त्यांच्यासमोर ‘मोकळं आयुष्य’ वगैरे बोलायला माझी जीभ रेटत नाही.

आता मूळ मुद्दा. ही गाडी दोघांची असते, आणि म्हातारपणी दोघांची तब्येत एकाच वेगाने उतरत नाही.

न्यू मेक्सिकोत एकदा आमच्या शेजारी ३६ फुटी गाडी होती. त्यातल्या आजोबांना मध्यरात्री ॲम्ब्युलन्सने नेलं. सकाळी त्यांची बायको पायरीवर किल्ल्या हातात घेऊन बसली होती. तिने ती गाडी कधीच चालवली नव्हती. इतकंच काय, बैठकीच्या खोलीचा बाहेर सरकलेला भाग कुठल्या बटणाने आत घ्यायचा तेही तिला माहीत नव्हतं. तो आत घेतल्याशिवाय गाडी हलत नाही. ह्यांनी आणि कॅम्प होस्टने मिळून सगळं आवरलं, तिचा मुलगा विमानाने आला आणि त्याने गाडी नेली. आजोबा वाचले, असं तिने नंतर कळवलं. पण गाडी लगेच विकली.

तिथून परत आल्यावर मी स्टिअरिंगवर बसले. रविवारी सकाळी मॉलचं पार्किंग रिकामं असतं, तिथे शिकले. तोवर माझं काम होतं मागे उभं राहून हातवारे करण्याचं. रिव्हर्स घेताना नवऱ्याला आरशात बायको दिसत नाही आणि बायकोचा ‘थांबा’ त्याला ‘या’ वाटतो. चांगले चाळीस-चाळीस वर्षांचे संसार मी या कारणावरून भर चौकात भांडताना बघितलेत. आता आम्ही आळीपाळीने चालवतो, त्यामुळे एकमेकांची अडचण कळते. ज्या बाईला ही गाडी चालवायची इच्छाच नाही, तिच्या नवऱ्याने घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि उलटही: ज्या पुरुषाला आतल्या स्वयंपाकाचं काही येत नाही, त्याचीही पंचाईत आहेच.

काही जणांना मात्र गाडी सोडवतच नाही. टेक्ससमध्ये लिव्हिंग्स्टन नावाचं गाव आहे. १९७८ साली सुरू झालेल्या ‘एस्केपीज’ या मोटरहोमवाल्यांच्या संस्थेचं मुख्य ठिकाण. तिथे त्यांनी खास सोय केली आहे: गाडी चालवणं झेपेनासं झालं की तिथे आणून उभी करायची, आपल्याच गाडीत राहायचं, आणि जेवणाची, दवाखान्यात ने-आण करायची व्यवस्था शेजारच्या इमारतीतून होते. कल्पना शहाणपणाची आहे, माणसं मायेची आहेत. तरी मला ते नको. न हलणाऱ्या गाडीत राहायचं तर जिना नसलेलं साधं घर काय वाईट?

महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून इथली भाचरंही मला विचारतात. इथे शक्यतो ड्रायव्हरसकट भाड्यानेच घ्यावी, हौस फिटते आणि वाकावं लागत नाही. तिकडेही आधी भाड्याने घेऊनच बघावी, तीही पावसात.

राहिली आमची विकण्याची तारीख. ती आम्ही टायरवरून ठरवली. प्रत्येक टायरच्या अंगावर चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या सहाही टायरांवर २३२२ आहे, म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. मोटरहोमचा टायर झिजत नाही, उभ्या उभ्या म्हातारा होतो. वरून नक्षी कोरी करकरीत दिसते, पण सात वर्षांपुढे त्यावर भरवसा ठेवू नये. तर २०२९च्या उन्हाळ्यात हे टायर बाद होतील, तेव्हा गाडी काढायची, असं आमचं बोलणं झालंय. फक्त एका बाबतीत एकमत नाही. हे म्हणतात, नवे टायर घालून विकली तर किंमत चांगली येईल. मी म्हणते, नवे टायर घातलेत की तुम्ही ती विकणारच नाही.