पिठाच्या डब्याचा तळ



आमच्या घरी पिठाचा डबा रिकामा झालेला मी कधी पाहिला नाही. तळ दिसायच्या आत अम्मी दळणाला पिटाळायची. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जात असे. मी तेव्हा झोळीत होतो, मला काही आठवत नाही. तिला मात्र सगळे आठवते. मिलो, सुकडी, टँकरची रांग. दुष्काळ गेला, भीती डब्यात राहिली.

२०२० च्या टाळेबंदीत माझा छोटासा छापखाना बंद पडला, तो कायमचाच. पहिल्याच आठवड्यात मी तीन पोती गहू घरात आणून टाकला. शेजारी रोजंदारीवर जगणारे कुटुंब होते. त्यांच्याकडे पीठ आहे का, हे मी विचारले नाही. विचारले असते तर द्यावे लागले असते. कवी म्हणवणाऱ्या माणसाला हे सांगताना लाज वाटते, पण घडले ते असे.

त्याच दिवसांत पंडिता रमाबाईंनी १९०७ साली लिहिलेली आपली साक्ष पुन्हा हाती आली. मी मुसलमान. येशू माझ्यासाठी इसा पैगंबर. रमाबाईंची श्रद्धा ती माझी नव्हे. भीती मात्र ओळखीची निघाली.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात सोळा वर्षांच्या रमाबाईंनी वडील, आई आणि मोठी बहीण, तिघांचे मरण पाहिले. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडणारे. होते नव्हते ते दानधर्मात आणि व्रतांत गेले, असे त्या स्वतःच सांगतात. झाडपाला खाऊन दिवस काढले. सगळ्यांनी मिळून जलसमाधी घ्यायची, इथपर्यंत गोष्ट गेली होती. मग उरली दोघे भावंडे. ती पायी उत्तरेकडे निघाली. झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नाही म्हणून त्यांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, आत निजून डोके तेवढे बाहेर ठेवले आणि कोरडी वाळू अंगावर ओढून घेतली. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते.

पुढचे मराठी वाचकांना ठाऊक आहे. कलकत्त्यात ‘पंडिता’ ही पदवी मिळाली. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झाले आणि १८८२ मध्ये पती पटकीने गेले. कडेवर मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. बरोबर आलेल्या मैत्रिणीने तिथे जीव दिला. डॉक्टर व्हायचे होते, तर कान दगा देऊ लागले. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथे आपण घाई करतो. बाप्तिस्मा झाला की भीती गेली, असे आपल्याला वाटते. रमाबाई तसे म्हणत नाहीत. धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असा त्यांचा सांगण्याचा रोख आहे. त्याला आणखी आठएक वर्षे लागली. देवाची कृपा कमवावी लागत नाही, ती फुकट मिळते, हे तेव्हा त्यांना उमगले. ज्या घराने पुण्य कमावताना होते नव्हते ते वेचले, त्या घरातल्या मुलीला या ‘फुकट’ शब्दाचे काय वाटले असेल? मला वाटते, त्यांची भीती इथे सैल झाली असावी. कमवायचेच नसेल तर साठवायचे तरी कशाला?

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून बातम्या येऊ लागल्या. तिथे काय दिसेल हे रमाबाईंइतके कोणाला ठाऊक होते? अमेरिकेतल्या मंडळाने पुण्याच्या शारदा सदनासाठी दहा वर्षांची मदत कबूल केली होती. ती मुदतही सरत आली होती. अशा वेळी हिशेबी माणूस दार लावून घेतो. मी लावलेच होते. त्या मात्र मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली घेऊन आल्या. अशा सुमारे तीनशे जणी त्यांच्याकडे राहिल्या. प्लेगमुळे इतक्या मुली पुण्यात ठेवता येईनात, तेव्हा केडगावच्या माळरानावर बिऱ्हाड हलले. त्याचेच ‘मुक्ती’ झाले.

त्यांच्या धर्मांतरावरून पुण्यात जे रण माजले, ते कोणाचे किती खरे, हा वाद मी आज काढत नाही. त्या वादात मधल्या पोरी हरवतात.

पुणे-दौंड गाडीने जाताना केडगाव लागते. परवा अम्मी बरोबर होती. स्टेशन आले तसे मी तिला हे सगळे सांगितले, वाळूच्या खड्ड्यांसकट. ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. मग विचारले, ‘त्या बाईच्या घरी पिठाचा डबा केवढा होता रे?’

मी म्हणालो, पुढे पुढे हजारावर माणसे जेवायची तिथे, त्यांच्या पोटाएवढा.

‘म्हणजे तळ तर रोजच दिसत असेल,’ ती म्हणाली.