भेगाळणारी काळी माती



खरडच्या आसपास भाताच्या शेतातील पाणी कापणीपूर्वी काढून टाकले की थोड्याच दिवसांत चिखलाला भेगा पडतात. त्या सहसा अरुंद आणि उथळ असतात. पुढच्या नांगरटीत नाहीशा होतात. मात्र आपल्यापैकी ज्यांचे गाव सोलापूर, परभणी किंवा यवतमाळकडे आहे, त्यांनी चैत्र-वैशाखात काळ्या रानातल्या भेगा पाहिल्या असतील. हाताचा पंजा सहज आत जावा इतकी त्यांची रुंदी असते, आणि खोली कित्येक ठिकाणी मीटरभराहून अधिक असते. दोन्हीकडे चिकणमाती आणि दोन्हीकडे तेच ऊन असताना एवढा फरक कशाने पडतो?

प्रथम भेग कशी पडते ते पाहू. ओल्या मातीतील सूक्ष्म कणांमध्ये पाणी भरलेले असते. वरचे पाणी वाफ होऊन जाऊ लागले की उरलेले पाणी कणांमधील फटींत मागे सरते, त्याचा पृष्ठभाग अंतर्वक्र होतो, आणि ते शेजारच्या कणांना एकमेकांकडे ओढू लागते. माती आकसते ती या ओढीने. खालच्या दिशेने आकसण्यास तिला कोणाचा अडथळा नसतो, म्हणून जमीन आधी नुसती खचते. आडव्या दिशेने मात्र खालचा ओला थर तिला धरून ठेवतो. वरचा थर आखडू पाहतो, खालचा सोडत नाही; ताण वाढत जातो आणि मातीच्या चिवटपणाच्या पलीकडे गेला की तेथे भेग पडते. पडलेल्या भेगेने तिच्या काटकोनातील ताण मोकळा होतो, त्यामुळे नंतरची भेग पहिलीला बहुधा काटकोनातच येऊन मिळते. थर पातळ असेल तर खपल्या लहान, जाड असेल तर ढेकळे मोठी. वाळलेल्या डबक्यातील नक्षी आणि शेतातील भेगा यांत फरक आहे तो या मापाचा.

येथवरची गोष्ट खरडच्या शेताला आणि विदर्भाच्या रानाला सारखीच लागू आहे. फरक खनिजात आहे. येथील गाळ हिमालय-शिवालिकाकडून वाहून आलेला. त्याच्या चिकणमातीत इलाइट हे खनिज प्रमुख. त्याचे पापुद्रे पोटॅशियमने जणू कुलूप घातल्यासारखे बांधलेले असतात, पाणी त्यांच्यामध्ये शिरत नाही. दख्खनची काळी माती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या खडकापासून, म्हणजे बेसाल्टपासून, झाली. तिच्यातील स्मेक्टाइट गटाच्या खनिजांचे पापुद्रे सैल असतात. पाऊस पडला की पाणी पापुद्र्यांच्या आत शिरून त्यांना दूर सारते. उन्हाने ते निघून गेले की पापुद्रे पुन्हा मिटतात. माती फुगते व आकसते ती अशी, कणाच्या अंतरंगापासून.

या भेगांना दोष म्हणणे अर्धेच खरे आहे. ज्या गुणाने ही जमीन फाटते, त्याच गुणाने ती पावसाचे पाणी पोटात साठवते, आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी पावसाविना पिकते. उन्हाळ्यात ढासळलेली वरची माती भेगांत पडते, पहिल्या सरींचे पाणी भेगांतून थेट खोल जाते, मग माती फुगून भेगा मिटतात. वरची माती खाली आणि खालची वर, ही उलथापालथ अखंड चालू असते. मृदाशास्त्रज्ञांनी अशा जमिनींना ‘व्हर्टिसोल’ हे नाव ‘उलटणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरून दिले, ते चपखल आहे.

पण पीक उभे असताना पडलेली भेग महाग पडते. तिच्यातून खोलवरची ओल उडून जाते आणि मुळे तुटतात. सोलापूरला १९३३ साली कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले, त्यामागे अवर्षणग्रस्त मुलखात जमिनीतली ओल टिकवण्याचा हाच प्रश्न होता. रब्बी ज्वारीत तीन आठवड्यांनी फटीच्या कोळप्याने, पाच आठवड्यांनी अखंड फासेच्या कोळप्याने आणि आठ आठवड्यांनी दातेरी कोळप्याने कोळपणी करावी, ही शिफारस शेतकऱ्यांना परिचित आहे. तिसऱ्या कोळपणीचा हेतू तण काढण्यापेक्षा भेगा बुजवण्याचा अधिक असतो.

घर बांधणाऱ्यांचा प्रश्न निराळा. जमीन पावसाळ्यात पाया वर ढकलते, उन्हाळ्यात सोडून देते. भिंतीला तिरकी चीर जाते. ती गिलाव्याने बुजवणे व्यर्थ आहे, कारण पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा दिसते. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने यासाठी तळाशी कंदासारखा फुगवटा असलेले खांब विकसित केले. ऋतूंचा बदल पोहोचत नाही इतक्या खोलीवर हा कंद मातीत रुतून राहतो. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. आर. के. कट्टी यांनी दुसरा मार्ग दाखवला : चिकट, पण न फुगणाऱ्या मातीचा सुमारे मीटरभर जाडीचा थर काळ्या मातीवर दाबून घालावयाचा. कालव्यांच्या अस्तरांखाली ही रीत वापरली गेली. गावाकडे घर बांधू इच्छिणाऱ्यांनी निदान एवढे करावे : पायाचे खोदकाम मुरुमापर्यंत न्यावे, आणि न्हाणीचे व छपराचे पाणी भिंतीलगत मुरू देऊ नये. एका बाजूची माती ओली आणि दुसरीकडची कोरडी राहिली, तर घराच्या भिंतींना सर्वांत अधिक इजा होते.