ग्रीकांचे लिंबू-कोंबडीचे सूप आणि आपली कढी

(मंडळाच्या वर्धापनदिनी प्रात्यक्षिकासह केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणीतरी एक नवा पदार्थ करून दाखवायचा, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. यंदा माझे नाव निघाले. मी विषय कळवला तेव्हा दोघीतिघींनी नाके मुरडली, हे माझ्या कानावर आले आहे. एकीचे म्हणणे, कोंबडी मंडळात कशाला? दुसरीचे म्हणणे, ग्रीस देशाचे सूप आसेगावात कोणाला हवे? पहिलीला मी एवढेच सांगते की, ज्या भगिनी मांसाहार करीत नाहीत त्यांच्या कामाचेही यात काही आहे, तेव्हा त्यांनी कान उघडे ठेवावेत. दुसरीचा प्रश्न मात्र खरा आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी मला थोडे घरातले सांगावे लागेल. आत्याबाई समोरच बसल्या आहेत आणि त्यांची परवानगी मी घेतली आहे.

गेल्या पावसाळ्यात आत्याबाई तापाने पडल्या. ताप आठ दिवसांत उतरला, पण तोंडाची चव जी गेली ती गेली. वरण नको, भात नको, दूध पाहिले की उलटी. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे शरीर. पंधरवड्यात हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. डॉक्टर म्हणाले, औषधापेक्षा यांना अन्न पाहिजे, अंडे द्या, कोंबडीचे पाणी द्या. घरात कोंबडी झाली, पण आपल्या वऱ्हाडातला रस्सा तो! वाटी तोंडाशी नेताच ठसका लागला. मग बिनतिखटाचे पाणी काढले. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला अळणी म्हणतात तेच. दोन घोट घेऊन त्यांनी वाटी सरकवली. “मले काही नको वं बाई. पाणचट लागते.”

माझा भाचा मालवाहू जहाजावर नोकरीला आहे. त्याचा त्याच दिवसांत फोन आला. आजीचे ऐकून तो म्हणाला, “मावशी, आमच्या जहाजावरचा स्वयंपाकी ग्रीक आहे. कोणी आजारी पडले की तो कोंबडीच्या पाण्यात भात शिजवतो आणि त्यात अंडे आणि लिंबू घालतो. आंबट लागते, तोंडाला चव येते.” त्याने कृती लिहून पाठवली. त्या सूपाचे नाव अव्गोलेमोनो. अव्गो म्हणजे अंडे, लेमोनी म्हणजे लिंबू. नाव भारदस्त असले तरी अर्थ आपल्या ‘डाळ-तांदूळ’सारखाच साधा आहे.

पहिल्या दिवशी मी काय केले ते सांगते, कारण हीच चूक तुम्हीही करणार. पाणी खळखळ उकळत होते. अंडी फेटली, लिंबू पिळले आणि घाईघाईने सगळे एकदम त्यात ओतले. क्षणात पातेल्यात पिवळी चोथापाणी लक्तरे तरंगू लागली. घरातले पुरुष हसले. मी ते गाळायला निघाले, तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, “कढी अशी करते काय वं? उकळत्यात गार ओतलं तं फुटंनच!”

मी थबकले. भाच्याच्या कागदावर तेच लिहिले होते, आणि ते मी घाईत वाचलेच नव्हते. जहाजावरच्या त्या ग्रीक स्वयंपाक्याने आणि आमच्या आत्याबाईंनी, एकमेकांना न पाहता, एकच गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी खाट स्वयंपाकघराच्या दाराशी ओढायला लावली आणि मला उभ्याने सूचना दिल्या. सूप साधले. त्यांनी दीड वाटी घेतली आणि म्हणाल्या, “ग्रीकाच्या बाईले कढी येते.”

आता कृतीकडे वळते. मापे सहा माणसांची आहेत.

सव्वा किलोच्या आसपास एक कोंबडी, गावरान असली तर उत्तमच. स्वच्छ धुऊन तिचे चार-पाच मोठे तुकडे करा. हाडे टाकू नका, सगळा कस तिथेच असतो. स्टीलच्या मोठ्या पातेल्यात दोन लिटर पाणी, एक सोललेला कांदा अख्खा, एक गाजर, दहा-बारा मिरे, एक तमालपत्र. हळद नाही, लसूण नाही, मसाला नाही. इथेच आपला हात डब्याकडे जातो, तो आवरा. उकळी येताच वर मळका फेस येतो, तो पळीने काढून टाका आणि आच अगदी कमी करा. बाजारातली ब्रॉयलर पाऊण तासात शिजते, गावरानला दीड-दोन तास लागतात. कुकरात लवकर होते हे खरे, पण पाणी गढूळ होते. मीठ शेवटी.

मांस हाडावरून सुटू लागले की कोंबडी बाहेर काढा, पाणी गाळून घ्या. त्या पाण्यात अर्धी वाटी तांदूळ शिजवा. बासमती नको. जाडा, थोडा चिकट होणारा तांदूळ घ्या, पेजेला वापरतो तसा. भात चांगला मऊ झाला पाहिजे, त्याची पेज पाण्यात उतरली पाहिजे. याला कारण आहे, ते पुढे सांगते. तोवर मांसाचे बारीक तुकडे करून ठेवा.

लिंबाबद्दल एक सूचना. ग्रीसमधले लिंबू मोठे, जाड सालीचे, पिवळे असते. आपले कागदी लिंबू लहान पण आंबटपणाने त्याच्या वरचढ. त्यांची दोन म्हणजे आपली तीन, फार तर चार. बिया आधी काढा आणि साल इतकी पिळू नका की कडवटपणा उतरेल. उन्हाळ्यात लिंबू एकेक मोजून विकत घ्यावे लागते, पावसाळ्यात तेच ढिगाने मिळते. तेव्हा हे सूप पावसाळ्या-हिवाळ्याचे समजावे. आणखी एक. पितळी पातेल्याची कल्हई गेली असेल तर त्यात लिंबाचा पदार्थ करू नये, हे थोरल्या बायकांना सांगायला नको, पण नव्या सुनांना सांगायला हवे. ॲल्युमिनियमही नको; आंबट त्याला खाते आणि सूप करडे पडते.

आता मुख्य भाग. भात शिजला की पातेले आचेवरून उतरवा आणि पाच मिनिटे तसेच राहू द्या. फ्रीजमधली अंडी असतील तर ती तासभर आधी बाहेर काढलेली असावीत. तीन अंडी खोल भांड्यात फोडा, रवीने घुसळा, चांगला फेस येऊ द्या. काही ग्रीक बायका पांढरे आधी वेगळे फेटून मग बलक मिसळतात. त्याने सूप हलके होते, पण मला तो खटाटोप पटला नाही. घुसळता घुसळता लिंबाचा रस थोडा थोडा घाला. मग एका हाताने रवी चालूच ठेवून दुसऱ्या हाताने पातेल्यातले गरम पाणी पळीने बारीक धारेने अंड्यात सोडा. पहिली पळी अगदी सावकाश. दुसरी, तिसरी थोडी धीटपणाने. अंड्याचे भांडे बाहेरून चांगले ऊन लागले की ते सगळे मिश्रण पातेल्यात परत ओता, पुन्हा धारेने, पुन्हा ढवळत. म्हणजे गार गरमात जात नाही, गरम गारात येते. आत्याबाईंचे म्हणणे हेच.

आता पातेले अगदी मंद आचेवर ठेवा आणि तळापासून ढवळत राहा. सूप सायीसारखे दाट होऊ लागेल. पळीच्या पाठीवर बोट फिरवले आणि रेघ तशीच राहिली की झाले. उकळी मात्र येऊ द्यायची नाही. अंड्याचे पांढरे साधारण ६२ अंशांपासून आणि बलक ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान घट्ट होऊ लागतो. हळूहळू तापले तर तो घट्टपणा सगळ्या सूपभर पसरतो. एकदम तापले तर त्याच्या गाठी होतात आणि पाणी वेगळे पडते. पेज इथे कामी येते. तांदळातला स्टार्च अंड्याला गाठी धरू देत नाही. आपण ताकाला बेसन लावतो ते नुसते दाटपणासाठी नव्हे. बेसनाशिवायची कढी किती लवकर फुटते ते एकदा करून पाहा.

पण उकळीच्या भीतीने अंडे कच्चेही ठेवू नका, विशेषतः म्हातारी माणसे, लहान मुले आणि गरोदर मुलींसाठी. अंड्याचा पदार्थ ७१ अंशांपर्यंत तापला म्हणजे निर्धोक, असे मानतात. थर्मामीटर नसेल तर दाट झाल्यावर, वाफ भरपूर येत असताना, दोन-तीन मिनिटे तसेच ढवळत धरावे. शेवटी मांसाचे तुकडे, मीठ, मिरपूड. उरले तर गार करून लगेच फ्रीजमध्ये. पुन्हा गरम करताना पुन्हा तीच सावधगिरी. त्यापेक्षा भातासकट पाणी आधी करून ठेवावे आणि अंडे-लिंबू पंगतीच्या वेळेलाच लावावे.

आता ग्रीस कुठे आणि आपण कुठे, असे म्हणणाऱ्या मैत्रिणीसाठी दोन गोष्टी. कोंबडी मूळची आपल्या पूर्वेकडची. ती इराणमार्गे ग्रीसला गेली, म्हणून तिथला जुना नाटककार ॲरिस्टोफेनीस कोंबड्याला ‘पर्शियन पक्षी’ म्हणतो. तांदळाची नीट माहिती त्यांना अलेक्झांडरच्या हिंदुस्थानावरील स्वारीनंतर झाली. थिओफ्रास्टसच्या वनस्पतींवरील ग्रंथात तिचे वर्णन आहे. लिंबूही पूर्वेकडून अरबांच्या हातून तिकडे पोहोचले. म्हणजे अंडी सोडली तर पातेल्यातले बाकी सारे आपल्याच बाजूने गेलेले आहे, आणि अंडी तरी कोंबडीबरोबरच गेली.

दुसरी गोष्ट आपल्या कापसाची. रॅली ब्रदर्स हे नाव वऱ्हाडातल्या जुन्या कास्तकारांना ठाऊक असे. हे रॅली साहेब इंग्रज, असाच पुष्कळांचा समज. पण ते घराणे ग्रीक, खिओस बेटावरचे. १८२२ मध्ये तुर्कांनी त्या बेटावर कत्तल केली आणि तिथली व्यापारी कुटुंबे जगभर पांगली. रॅलींची लंडनला पेढी आधीच होती, १८५१ साली ते कलकत्त्याला आले, आणि पुढे वऱ्हाडचा कापूस विकत घेऊ लागले. खिओस बेट लिंबा-संत्र्यांच्या बागांसाठी नावाजलेले. त्या साहेबांच्या घरी हे सूप होत असेलच, असे मी समजते. इथल्या खानसाम्याला त्यांनी ते शिकवले असेल का, याचा विचार मी कधी कधी करते.

त्यांच्या उपासांचेही ऐका. ईस्टरच्या आधी चाळीस दिवस ते लोक मांस, दूध, अंडी वर्ज्य करतात. आपला श्रावण तरी महिन्याचा. उपास सुटतो त्या मध्यरात्री देवळातून परत येऊन जे सूप घेतात त्यालाही हेच अंडे-लिंबू लावलेले असते. फक्त त्यात कोकराचे काळीज वगैरे असते. ते मी आज आणलेले नाही, घाबरू नका.

कोंबडीच्या सूपाने सर्दी जाते म्हणतात. २००० साली अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठातल्या डॉ. स्टीफन रेनार्ड यांनी प्रयोगशाळेत तपासले, तेव्हा सूपामुळे सूज वाढवणाऱ्या पांढऱ्या पेशींची धावपळ मंदावलेली दिसली. ते काचेच्या नळीतले, माणसातले नव्हे. मी एवढेच म्हणेन की ज्याला काहीच जात नाही त्याला हे जाते.

ज्या भगिनी अंडे खातात पण कोंबडी नाही, त्यांनी गाजर, कांदा, कोबी यांच्या पाण्यात हेच करावे. ज्या अंडेही खात नाहीत त्यांनी कढीच करावी, आणि ती फुटू न देण्याचे शास्त्र आपल्याच घरात आहे हे सुनांना समजावून सांगावे.

आता राहिली ती गोष्ट जिच्यासाठी मी खरे तर हा विषय घेतला. आत्याबाई बऱ्या झाल्यावर एकदा मी विचारले, “आत्याबाई, तुम्ही कोंबडीचं पाणी याआधी कधी पेलं?” त्या म्हणाल्या, “चार खेपा. चार बाळंतपणात.” पन्नास वर्षे त्यांनी या घरात कोंबडी रांधली. पहिले पाणी पोरांना, मग रस्सा आणि तंगड्या गड्यांना, आणि बाया बसायच्या तेव्हा पातेल्यात मान, पाठ आणि तळची तर्री. तक्रार म्हणून त्या बोलल्या नाहीत. हिशेब विचारला तो दिला. मी मात्र त्या रात्री जेवले नाही. कारण मीही वीस वर्षे त्याच क्रमाने वाढले होते, आणि तापातून उठलेल्या बाईला पाणी पाणचट लागते याचे मला नवल वाटले होते! चव ओळखीची व्हायला ती आधी कधी तरी मिळालेली असावी लागते.

तेव्हापासून आमच्या घरी कोंबडीच्या दिवशी पहिली वाटी त्यांची. थोरल्या दिरांनी एकदा विचारले, “आजारी आहे का ती आता?” आत्याबाईच उत्तरल्या, “नाही. म्हणून तं पेते.”

असो. शेगडी पेटली आहे, पाणी गाळून तयार आहे, भात मी घरूनच शिजवून आणला आहे. अंडी आत्याबाई घुसळणार आहेत, रवीवर त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. धार मी सोडते. ज्यांना पाहायचे आहे त्यांनी पुढे या. मागे उभ्या राहून धार दिसणार नाही. वाट्या तीसच आहेत, तेव्हा आधी वयाने मोठ्या बायका, मग आपण, आणि दाराशी जी मुले जमली आहेत त्यांनी जरा थांबावे.