अकाली अर्भकाचा रक्तदाब

सव्विसाव्या आठवड्यात जन्मलेल्या अर्भकाचे वजन पुष्कळदा एक किलोही भरत नाही. त्याचा रक्तदाब फार उतरला तर मेंदूस रक्त कमी पडते. एकाएकी चढला तर तेथील नाजूक रक्तवाहिन्या फुटण्याचे भय. मग दाब असावा तरी किती? गर्भवयाचे जितके आठवडे, निदान तितके मिलिमीटर सरासरी दाब, हा ठोकताळा १९९२ साली ब्रिटिश तज्ज्ञांनी सुचविला. सोयीचा खरा, पण त्यामागे प्रयोगाचा आधार नव्हता!

आकडा उतरला की सलाइन, मग डोपामिन, अशी वहिवाट पडली. डोपामिनने दाब चढतो. त्यामुळे अधिक बालके जगतात, असे मात्र सिद्ध झालेले नाही. सलाइनची मात्रा किलोमागे १० मिलिलिटर. म्हणजे ८०० ग्रॅमच्या बाळास दोन चमचेही नव्हे. तरी ती वारंवार दिल्यास अपक्व फुप्फुसांस भार होतो.

म्हणून विचारी डॉक्टर आधी बाळाकडे पाहतात. त्वचा उबदार आहे काय? लघवी होते काय? चिन्हे चांगली असल्यास आकडा थोडा उणा असूनही ते थांबतात. जंतुदोषाची वा रक्तस्रावाची शंका असल्यास मात्र क्षणाचाही विलंब करीत नाहीत. जन्मवेळी तातडीची अडचण नसेल तर नाळ मिनिटभर उशिरा बांधतात. तेवढ्यात वारेतील बरेच रक्त बाळाकडे येते.